जुन्या अल्टोचं गिअर ऑइल बदलण्याआधी

आमची अल्टो २००४ सालची. इंजिन ऑइल दर दहा हजाराला न चुकता बदललं गेलं, पण गिअरबॉक्सच्या तेलाची आठवण घरात कुणालाच झाली नाही. होणार तरी कशी? त्याला डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) नाही, त्याच्यासाठी डॅशबोर्डवर दिवा नाही. थंडीत सकाळी दुसरा गिअर अडायला लागला तेव्हा कुठे लक्ष गेलं. अशी जुनी, हाताने गिअर टाकायची छोटी गाडी दारात असेल, तर खाली शिरण्याआधी काय पाहून ठेवायचं ते सांगतो.

आधी दोष तेलाचाच आहे का, ते तपासा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि इंजिन चालू केलं की पहिला आणि रिव्हर्स करकरतात, असं असेल तर क्लच पूर्ण सुटत नसणार. मग केबलची ढील बघा, तेलावर पैसे घालवू नका. इंजिन थंड असताना गिअर जड आणि चार-पाच किलोमीटरनंतर हलके, असं असेल तर संशय तेलावर घ्यायला हरकत नाही.

आता तेल, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. दुकानात जाऊन नुसतं 'नव्वद नंबर द्या' म्हणू नका. नुसतं नव्वद म्हणजे थंडीत घट्ट होणारं तेल, आणि सकाळी अडणाऱ्या गिअरला ते आणखी अडवतं. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात ग्रेड, म्हणजे दाटपणाचा आकडा, दिलेला असतो. अशा छोट्या गाड्यांत तो बहुतेक ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० असतो. हे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडून बघू नका, दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे. गिअर ऑइलचं ९० गरम असताना साधारण इंजिन ऑइलच्या ४० किंवा ५० इतकंच दाट असतं.

ग्रेडइतकंच महत्त्वाचं म्हणजे डब्यावरचं 'जीएल', म्हणजे गिअर ऑइलचा वर्ग. पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च घ्या. पाच हा चारापेक्षा मोठा, म्हणून चांगला, असं समजून जीएल-५ गळ्यात मारलं जातं. ते मुख्यतः जीप-टेम्पोच्या मागच्या डिफरन्शिअलसाठी, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांसाठी. त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. आपल्या गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंग पितळी. गिअर पडताना त्या घासून आतल्या दोन फिरत्या भागांचा वेग जुळवतात, म्हणजे त्यांना थोडं घर्षण हवंच असतं. जास्त निसरडं तेल त्यांची पकड घालवतं, आणि काही जीएल-५ तेलांतलं गंधक पितळही खातं. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं लाल तेल, एटीएफ, हा तर वेगळाच प्रकार आहे. तुमची गाडी ऑटोमॅटिक असेल तर त्या कंपनीने सांगितलेलंच तेल घ्या, पुढचं वर्णन तुमच्यासाठी नाही.

मापाला साधारण दोन-सव्वादोन लिटर लागतं. नेमका आकडा पुस्तकात पाहून थोडं जास्तच आणा. सोबत तेल भरायच्या आणि सोडायच्या दोन्ही प्लगांना लागतील ते पाने, वॉशर असल्यास नवे, एक घमेलं, लांब पारदर्शक नळी, नरसाळं, भरपूर फडकी. नरसाळं बोनेटमधून आणि नळी खाली भोकापर्यंत नेता येते का, हे आधी कोरडंच करून बघा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, म्हणजे नाहीच. स्टँड लागतातच, चारही बाजूंना, कारण पातळी बघताना गाडी सपाट हवी. एवढी सोय नसेल तर खड्डा असलेल्या गॅरेजमध्ये जा आणि तेल आपलं घेऊन जा.

जुनं तेल सोडण्याआधी भरायचा प्लग सैल होतो का ते बघा. आधी हा, मग खालचा. आमच्या गाडीचं एका गॅरेजात उलटं झालं. तेल सोडून झालं आणि वरचा प्लग गंजून बसलेला. गाडी दोन दिवस तिथेच अडकली. वीस वर्षांच्या गाडीत हे कुठेही होईल, म्हणून आदल्या रात्री प्लगवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा.

पाच-सात किलोमीटर फिरवून आणलं की तेल पातळ होऊन पूर्ण उतरतं. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा लगदा दिसेल. ती नेहमीची झीज, पुसून टाका. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर मात्र मेकॅनिकला दाखवा. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात तापलेला गिअरबॉक्स साचलेल्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छोट्या वाटेतून), जुन्या सीलमधून पाणी ओढलं जातं. अशा वेळी नवं तेल घालून दोन-तीनशे किलोमीटरनंतर तेही बदला. खाली असतानाच एक्सल जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे हात फिरवा. ओल लागली तर सील याच वेळी बदलून घ्या, कारण एक्सल काढताना तेल सांडतंच.

खालचा प्लग परत लावला की नवं तेल भरा, पण हळू. भरायच्या भोकाच्या काठावरून तेल ओघळायला लागलं की थांबा, धार थेंबावर येऊ द्या, मग प्लग लावा. गिअरबॉक्सचं कवच अॅल्युमिनियमचं असतं, पान्याला लांब पाइप लावून जोर केला तर आटे जातात.

जुनं तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून, जिथून वापरलेलं तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेला जातं अशा गॅरेजात द्या. बोनेटच्या आत तारीख, किलोमीटर आणि ग्रेडची चिठ्ठी चिकटवा. मी पुढचा बदल ४०,००० किलोमीटरवर लिहून ठेवलाय. त्या रात्री गिअरबॉक्सखाली एक पुठ्ठा सरकवा आणि सकाळी गाडी काढण्याआधी तो बघा.