इंग्लंड-वेल्समध्ये घर घेताना: सॉलिसिटर नेमण्याआधी बँकेचे पॅनेल तपासा

इंग्लंड किंवा वेल्समध्ये कर्ज काढून घर घेणारे बहुतेक जण आधी घर पसंत करतात, मग मॉर्गेजची तजवीज करतात आणि सॉलिसिटरचा, म्हणजे खरेदीचे कायदेशीर काम पाहणाऱ्या वकिलाचा, विचार अगदी शेवटी, एस्टेट एजंटने नाव मागितल्यावर करतात. ओळखीतल्या कोणी सुचवलेली फर्म नेमली जाते, ओळखपत्रे दिली जातात, सर्चेसचे, म्हणजे मिळकतीविषयीच्या अधिकृत नोंदी तपासण्याचे, पैसे भरले जातात, आणि त्यानंतर कळते की ती फर्म आपल्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे तिने मान्य केलेल्या फर्मच्या यादीतच, नाही. हा खोळंबा टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्यासाठी फर्मला पहिले पैसे देण्याआधी एका प्रश्नाचे लेखी उत्तर घ्यावे लागते.

पॅनेल का असते, हे आधी समजून घ्यावे. बँकेच्या दृष्टीने घर हे तारण आहे. मालकीहक्क निर्वेध असणे आणि बँकेचा बोजा एचएम लँड रजिस्ट्रीत, म्हणजे मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, बिनचूक नोंदला जाणे, यावरच तिच्या पैशाची सुरक्षितता अवलंबून असते. साधारणपणे खरेदीदाराचा कन्व्हेयन्सरच (मालकी हस्तांतराचे काम करणारा सॉलिसिटर किंवा परवानाधारक व्यावसायिक) बँकेचेही काम पाहतो, म्हणजे एकाच व्यवहारात त्याचे दोन अशील असतात. सर्व तपासणी झाल्यावर तो बँकेला ‘सर्टिफिकेट ऑफ टायटल’ (मालकीहक्क ठीक असल्याचा दाखला) पाठवतो आणि त्याच्या भरवशावर बँक कर्जाची रक्कम त्याच्या क्लायंट अकाउंटमध्ये (अशिलांच्या पैशांसाठीच्या वेगळ्या खात्यात) जमा करते. एवढी रक्कम ज्याच्या हाती द्यायची, त्या फर्मची बँक आधी पारख करते, आणि त्या पारखीला उतरलेल्या फर्मची यादी म्हणजे पॅनेल.

प्रत्येक बँकेच्या अटी वेगळ्या असतात. सॉलिसिटरवर सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीचे आणि लायसन्स्ड कन्व्हेयन्सरवर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सचे नियंत्रण असते, पण तेवढ्याने पॅनेलवर जागा मिळत नाही. बऱ्याच बँका सॉलिसिटर फर्मकडे लॉ सोसायटीच्या कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीमची मान्यता मागतात. काही बँका एकट्याने वकिली करणाऱ्यांना घेत नाहीत. काही बँका वर्षभरात पुरेसे व्यवहार न करणाऱ्या फर्मचे नाव काढून टाकतात. त्यामुळे एखाद्या छोट्या, पण उत्तम काम करणाऱ्या फर्मचे नाव यादीत नसू शकते, आणि त्यात तिचा काही दोष असेलच असे नाही. २०१२ च्या सुरुवातीला एचएसबीसीने आपले पॅनेल अवघ्या ४३ फर्मपुरते मर्यादित केले, तेव्हा वर्षानुवर्षे ते काम करणाऱ्या असंख्य फर्म एकदम बाहेर पडल्या. पुढे बँकेने ते धोरण शिथिल केले.

आता प्रत्यक्ष तपासणीविषयी. फर्मकडून कोटेशन आले की ते स्वीकारण्याआधी ईमेलने असे विचारावे: “माझे कर्ज अमुक बँकेकडून निवासी मॉर्गेज म्हणून मिळणार आहे. आपली फर्म आजच्या तारखेला या बँकेच्या पॅनेलवर आहे का, आणि या व्यवहारात आपण माझे व बँकेचे, दोघांचेही काम पाहू शकाल का?” यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. बँकेचे नाव मॉर्गेज ऑफरवर असेल तेच लिहावे, कारण एकाच समूहात अनेक ब्रँड असतात. उदाहरणार्थ हॅलिफॅक्स आणि बर्मिंगहॅम मिडशायर्स ही दोन्ही नावे लॉइड्स समूहातलीच आहेत. भाड्याने देण्यासाठी घर घेत असाल तर निवासी या शब्दाऐवजी तसे स्पष्ट लिहावे. “आम्ही बहुतेक सर्व बँकांच्या पॅनेलवर आहोत” हे उत्तर पुरेसे मानू नये. नाव घेऊन दिलेला होकार हवा. बऱ्याच बँकांच्या संकेतस्थळावर फर्म शोधण्याची सोय असते, तिथेही पाहावे, किंवा मॉर्गेज ब्रोकरला खात्री करायला सांगावे. ब्रोकरने मध्येच बँक बदलली तर हीच चौकशी पुन्हा करावी. माझ्या मते सर्वाधिक गोंधळ इथेच होतो: व्याजदर कमी मिळाला या आनंदात सॉलिसिटरला कळवायचेच राहून जाते.

फर्म पॅनेलवर नसेल तर फर्म बदलणे हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग ठरतो. दुसरा मार्ग असा, की आपला सॉलिसिटर तोच ठेवायचा आणि बँकेने स्वतःचा वेगळा सॉलिसिटर नेमायचा. सगळ्याच बँका याला तयार नसतात. तयार झाल्या तरी त्या सॉलिसिटरची फी खरेदीदारालाच भरावी लागते आणि प्रत्येक कागद दोन कार्यालयांतून फिरल्यामुळे वेळ वाढतो. गुंतागुंतीच्या मिळकतीसाठी विशिष्ट तज्ज्ञच हवा असेल तर हा खर्च समर्थनीय आहे, एरवी नाही. “आम्ही पॅनेलसाठी अर्ज करतो” या आश्वासनावर थांबू नये. मॉर्गेज ऑफरला मुदत असते.

एकच फर्म दोघांचे काम पाहते याचा आणखी एक परिणाम आहे आणि तो खरेदीदारांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. बँकेच्या सूचना यूके फायनान्स या बँकांच्या संघटनेच्या मॉर्गेज लेंडर्स हँडबुकमध्ये असतात. त्याच्या पहिल्या भागात सर्वांसाठी समान नियम आणि दुसऱ्यात प्रत्येक बँकेच्या खास अटी असतात. विक्रेत्याच्या नावावर घर होऊन सहा महिने झाले नसतील, बँकेला सांगितलेल्या किमतीपेक्षा प्रत्यक्ष किंमत कमी असेल किंवा लीजची (दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची) मुदत बँकेच्या मर्यादेपेक्षा कमी उरली असेल, तर हे बँकेला कळवणे कन्व्हेयन्सरचे कर्तव्य असते. डिपॉझिटमधली काही रक्कम भारतातून आई-वडिलांनी दिली असेल तर तेही बँकेपर्यंत जाऊ शकते; म्हणून अर्जातच तसे नमूद करावे आणि ती भेट आहे, परतफेडीची अपेक्षा नाही, असे त्यांचे सहीचे पत्र व बँक स्टेटमेंट सुरुवातीलाच तयार ठेवावे. तुमची माहिती गोपनीय असल्यामुळे कन्व्हेयन्सर ती तुमच्या संमतीशिवाय बँकेला देऊ शकत नाही. पण तुम्ही संमती नाकारलीत तर त्याला बँकेचे काम सोडावे लागते आणि व्यवहार तिथेच अडतो.

मात्र पॅनेलवर नाव असणे म्हणजे सेवा चांगली असण्याची हमी नव्हे. ती यादी बँकेने स्वतःच्या संरक्षणासाठी केलेली आहे. तुमची फाइल नेमकी कोण हाताळणार, फोनवर ती व्यक्ती भेटेल का, लीजहोल्ड फ्लॅटचा तिला अनुभव आहे का, हे स्वतंत्रपणे विचारावेच लागते. एस्टेट एजंट किंवा ब्रोकर एखाद्या फर्मचा आग्रह धरत असेल तर त्याला रेफरल फी (ग्राहक पाठवल्याबद्दलचा मोबदला) मिळते का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि यादीतली दुसरी फर्म निवडण्याचाही. डिसेंबर २०१८ पासून निवासी कन्व्हेयन्सिंग करणाऱ्या सॉलिसिटर फर्मना आपल्या दरांची माहिती संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे, त्यामुळे तुलना करणे अवघड नाही.

स्कॉटलंडमध्ये खरेदीची पद्धत आणि कायदा वेगळा आहे, तेव्हा तिथल्या सॉलिसिटरचाच सल्ला घ्यावा.

शेवटची तपासणी एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्सच्या, म्हणजे दोन्ही बाजूंचे करार अदलाबदल होऊन व्यवहार बंधनकारक होण्याच्या, आधी करावी. एक्स्चेंजनंतर माघार घेतल्यास डिपॉझिट, जे बहुधा किमतीच्या १० टक्के असते, गमावण्याची वेळ येते. म्हणून सही केलेला करार एक्स्चेंजसाठी पुढे देण्याची परवानगी देण्याआधी सॉलिसिटरकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: फर्म अजूनही पॅनेलवर आहे, बँकेला कळवलेल्या प्रत्येक मुद्द्यावर तिचे उत्तर आले आहे, आणि कम्प्लीशनच्या (पैसे देऊन घर ताब्यात घेण्याच्या) तारखेला रक्कम हाती असावी यासाठी बँकेला जितके कामकाजाचे दिवस आधी सूचना द्यावी लागते तितके शिल्लक आहेत.