हळद, कांदा आणि अल्ब्युमिन: बाइंडिंगच्या प्रयोगात या चुका टाळा

वनस्पतीतलं एखादं संयुग रक्तातल्या प्रथिनाला चिकटतं का (म्हणजे बाइंडिंग), हा विषय एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मुलांच्या आवडीचा आहे, आणि का ते समजतं. महागडं काही लागत नाही. क्वार्ट्झच्या क्यूव्हेटमध्ये (छोट्या चौकोनी नळीत) अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घ्यायचं, त्यात हळदीतलं करक्युमिन किंवा कांद्यातलं क्वेरसेटिन थोडंथोडं घालत जायचं (हेच टायट्रेशन) आणि प्रथिनाचा फ्लोरोसन्स, म्हणजे प्रकाश शोषून परत बाहेर टाकलेला प्रकाश, मोजणाऱ्या फ्लोरिमीटरवर ३४० नॅनोमीटरच्या आसपासचा पीक खाली येताना बघायचा. ग्राफ सरळ येतो, आर-स्क्वेअर ०.९९ मिळतो, थिसिसमध्ये बाइंडिंग कॉन्स्टंट, म्हणजे संयुग किती घट्ट चिकटतं तो आकडा, छापला जातो. पण तो पीक बाइंडिंगमुळेच खाली आला, हे बहुतेक वेळा कोणी तपासलेलंच नसतं. माझ्या मते या प्रयोगातली सगळ्यात मोठी चूक हीच.

पीक पडला की बाइंडिंग झालं, असं धरून चालणं

माणसाच्या सीरम अल्ब्युमिनमध्ये ५८५ अमिनो आम्लं असतात आणि त्यांत ट्रिप्टोफॅन एकच, २१४ व्या जागी. ते सडलोच्या पहिल्या साइटला (अल्ब्युमिनवर औषधं बसण्याच्या मुख्य जागांपैकी एक) अगदी लागून आहे, म्हणून तिथे काही येऊन बसलं की त्याचा फ्लोरोसन्स कमी होतो. एक्सायटेशन २९५ नॅनोमीटरला ठेवायचं. २८० ला ठेवलं तर टायरोसिन हे दुसरं अमिनो आम्लही उजळतं आणि गोंधळ वाढतो.

अडचण अशी की क्वेरसेटिन स्वतः २९५ लाही प्रकाश शोषतं आणि ३४० लाही. म्हणजे आत जाणारा प्रकाश ट्रिप्टोफॅनपर्यंत पूर्ण पोचत नाही आणि बाहेर येणारा डिटेक्टरपर्यंत पोचत नाही. यालाच इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात. समजा २० मायक्रोमोलर क्वेरसेटिन घातल्यावर ॲब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला त्याचं माप) २९५ ला ०.१५ ने आणि ३४० ला ०.२५ ने वाढला. बेरीज ०.४०, तिचं निम्मं ०.२०, आणि १० चा ०.२० वा घात म्हणजे १.५८. एकही रेणू प्रथिनाला चिकटला नाही तरी पीक ३७ टक्के पडलेला दिसेल!

आता हाच आकडा पुढे नेऊन बघा. पीक किती पडतो ते सांगणारा स्टर्न-व्होल्मर कॉन्स्टंट येतो साधारण २९ हजार प्रति मोलर. ट्रिप्टोफॅनचा लाइफटाइम (उजळलेल्या अवस्थेत राहण्याचा काळ) ५ नॅनोसेकंद धरून भागलं की क्वेन्चिंगचा, म्हणजे फ्लोरोसन्स विझण्याचा, वेग येतो ५.८ लाख कोटी प्रति मोलर प्रति सेकंद. डिफ्यूजनची मर्यादा, म्हणजे रेणू नुसते एकमेकांवर आदळून जास्तीत जास्त जो वेग येऊ शकतो तो, साधारण २ हजार कोटी. मग थिसिसमध्ये ते ठरलेलं वाक्य येतं: मर्यादेपेक्षा वेग जास्त, म्हणून क्वेन्चिंग स्टॅटिक (आदळण्याने नव्हे, आधीच चिकटून बसल्याने), म्हणून कॉम्प्लेक्स तयार झाला. हा पुरावा नुसत्या रंगीत द्रावणानेही तयार होतो. लाइफटाइम मोजूनही सुटका नाही, कारण स्टॅटिक क्वेन्चिंगमध्येही तो बदलत नाही आणि इनर फिल्टरमध्येही नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चुकवू नका. शून्याच्या पॉइंटसकट प्रत्येक पॉइंटला त्याच मिश्रणाचा ॲब्सॉर्बन्स दोन्ही तरंगलांबींना मोजा आणि मोजलेल्या फ्लोरोसन्सला १० च्या, त्या बेरजेच्या निम्म्याइतक्या, घाताने गुणा. बेरीज ०.३ च्या वर जायला लागली की दुरुस्तीवर फार विसंबू नका. लिगँड (घातलेलं संयुग) कमी करा किंवा अरुंद क्यूव्हेट घ्या. आणि एक कंट्रोल कराच: प्रथिनाऐवजी एन-असेटाइल-ट्रिप्टोफॅनअमाइड (बाइंडिंग साइट नसलेला, ट्रिप्टोफॅनसारखा छोटा रेणू) घेऊन तेच टायट्रेशन करा. दुरुस्ती केल्यावरही तिथे तेवढाच पीक पडत असेल, तर तुमच्या अल्ब्युमिनच्या आकड्यांना अर्थ नाही.

प्रथिन फार विरळ असेल तर ३२८ च्या आसपास एक छोटा उंचवटा दिसतो. तो पाण्याचा रामन पीक, म्हणजे पाण्यानेच विखुरलेला प्रकाश. बफरचा ब्लँक वजा करा.

डबल-लॉग ग्राफमधला ‘एन’

क्वेन्चिंग आणि लिगँड या दोन्हींचे लॉग घेऊन काढलेल्या ग्राफचा स्लोप, म्हणजे ‘एन’, १.०२ आला म्हणून ‘एकच बाइंडिंग साइट’ असं लिहू नका. ती साइट्सची संख्या नव्हे. शिवाय त्या समीकरणात मोकळा लिगँड लागतो आणि आपण घातलेला एकूण लिगँड टाकतो. प्रथिन २ मायक्रोमोलर आणि लिगँडही २ मायक्रोमोलर असेल, तर या दोन्हींत बराच फरक पडू शकतो. त्यापेक्षा एकास-एक बाइंडिंगचं वर्गसमीकरण फिट करा. तीनच तापमानांवरून काढलेल्या एन्थॅल्पी-एन्ट्रॉपीवर ‘हायड्रोजन बाँड’ की ‘हायड्रोफोबिक’ असा निकाल देण्याची घाईही नको.

करक्युमिन क्यूव्हेटमध्येच संपतं

पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये, ३७ अंशांना, करक्युमिनचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो, हे १९९७ पासून छापील माहितीत आहे. अल्ब्युमिन असेल तर हा वेग मंदावतो, थांबत नाही. टायट्रेशन रेंगाळलं तर शेवटच्या पॉइंट्सना तुम्ही नक्की कशाचं बाइंडिंग मोजताय? स्टॉक त्याच दिवशी डीएमएसओ या द्रावकात करा, अंधारात ठेवा, आणि ४२५ चा ॲब्सॉर्बन्स सुरुवातीला आणि शेवटी तपासा. डीएमएसओ एकूण १ टक्क्याच्या आत ठेवा, ब्लँकमध्येही तेवढाच घाला. बाटलीवर नुसतं ‘करक्युमिन’ लिहिलेलं असलं तरी आत बहुधा तीन करक्युमिनॉइड्सचं मिश्रण असतं, हेही लक्षात ठेवा.

करक्युमिनसाठी खरं तर एक चांगली वाट आहे. अल्ब्युमिनमध्ये बसल्यावर त्याचा स्वतःचा फ्लोरोसन्स वाढतो आणि ५०० च्या आसपास सरकतो. ट्रिप्टोफॅनचा पीक पडताना बघण्यापेक्षा हा चढता सिग्नल बघा.

बाटलीतलं अल्ब्युमिन

साधं ‘फ्रॅक्शन फाइव्ह’ प्रतीचं अल्ब्युमिन घेतलंत तर त्यात फॅटी ॲसिड्स आधीच बसलेली असू शकतात. परवडत असेल तर फॅटी-ॲसिड-फ्री घ्या. वजनावर विसंबू नका, २८० च्या ॲब्सॉर्बन्सवरून कॉन्सन्ट्रेशन काढा. गाईच्या अल्ब्युमिनमध्ये ट्रिप्टोफॅन दोन असतात, त्यामुळे तिथला निष्कर्ष माणसाच्या नावावर खपवू नका.

क्यूव्हेटवरून थेट ताटावर

कांदा खाल्ल्यावर रक्तात फिरतं ते मुख्यतः क्वेरसेटिनचं ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट. मूळ क्वेरसेटिन जवळजवळ नाहीच. रक्तात अल्ब्युमिन असतं साधारण ६०० मायक्रोमोलर. बाइंडिंग कॉन्स्टंट एक लाख प्रति मोलर धरला तर गुणाकार ६० येतो, म्हणजे ६१ रेणूंपैकी ६० बांधलेले आणि एक मोकळा. उलट बाजूने बघा: रक्तात अगदी ५ मायक्रोमोलर संयुग पोचलं आणि सगळं बांधलं गेलं, तरी शंभरातलं एक अल्ब्युमिनही व्यापलं जात नाही. त्यामुळे ‘हे संयुग वॉरफरिनला (रक्त पातळ करणाऱ्या औषधाला) साइटवरून हुसकावतं, म्हणून कांदा जपून खा’ असं लिहायला तुमच्या प्रयोगाचा आधार नाही. यकृतातल्या एन्झाइमांमुळे औषधांवर होणारा परिणाम हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर फ्लोरिमीटर देत नाही.

डॉकिंगलाही, म्हणजे रेणू प्रथिनात कुठे बसेल ते कॉम्प्युटरवर काढण्यालाही, हेच लागू. प्रोग्रॅम रेणू कुठे ना कुठे बसवतोच, आणि बसवलेला असतो तो मूळ क्वेरसेटिनचा. शक्य असेल तर क्वेरसेटिन-३-ग्लुकुरोनाइड थोडंसं मागवा आणि तेच टायट्रेशन त्याच्यासोबत, त्याच दिवशी, त्याच बफरमध्ये करून दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापा.