शाळा सुटताना गेटवर: पालकांनो, या चुका टाळा

शाळेसमोर दुपारी जो गोंधळ होतो त्याचं खापर आपण गाड्यांच्या संख्येवर फोडतो. गाड्या वाढल्या आहेत हे खरं, पण मला वाटतं मोठं कारण वेगळं आहे. प्रत्येकाला आपलं मूल गेटच्या तोंडाशीच हवं असतं, आणि तेही सगळ्यांच्या आधी. इंदूरच्या रामबाग, नारायण बागेसारख्या जुन्या भागांत दोन कार समोरासमोर आल्या की मागची व्हॅन, ई-रिक्षा, अ‍ॅक्टिवा सगळं अडतं. पण नव्या कॉलन्यांतल्या मोठ्या रस्त्यांवरही हेच चालतं, तेव्हा सगळा दोष गल्ल्यांना देता येणार नाही.

गाडी अगदी गेटसमोर लावणं

ही मूळ चूक. बाकीच्या बऱ्याचशा हिच्यातूनच निघतात. पहिली-दुसरीतलं मूल मोठ्या कारच्या बॉनेटमागे जवळजवळ झाकलं जातं. दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून ते पळत बाहेर आलं की येणाऱ्याला ते दिसेपर्यंत ब्रेक लावायला वेळच उरत नाही. आपण आपल्या मुलाला हाताला धरून नीट गाडीत बसवतो, पण आपल्याच गाडीच्या आडोशामुळे दुसऱ्याचं मूल कुणाला दिसत नाही. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, म्हणून तर ही सवय सुटत नाही.

गाडी शंभर-दीडशे पावलं लांब लावा आणि लहान मुलाला घ्यायला पायी गेटपर्यंत या. मूल मोठं असेल तर भेटायची जागा ठरवून टाका: कडुनिंबाखाली, झेरॉक्सच्या दुकानापाशी, जिथे तुम्हाला सोयीचं असेल तिथे. ही जागा रोज बदलू नका. आणि "मी दिसले नाही तर गेटच्या आतच थांबायचं, शोधत बाहेर यायचं नाही," हे घरी पुन्हा पुन्हा सांगा. गाडीत बसवताना रस्त्याच्या कडेचं, म्हणजे डावीकडचं दार उघडा. उजवं दार उघडलं की मागून येणारा स्कूटरवाला त्यावर आदळतो किंवा ते चुकवायला मुलांच्या गर्दीत शिरतो.

२२ सप्टेंबर २०२३ ला आपल्या शहराने 'नो कार डे' पाळला होता. शाळेपासून दोन गल्ल्यांवर राहणाऱ्यांनी तसे दिवस स्वतःहून ठरवले तरी गेटसमोर बराच फरक पडेल.

"पाचच मिनिटं" म्हणत दुसऱ्याच्या फाटकापुढे थांबणं

शाळेसमोर घर असलेल्या लोकांचा विचार आपण फारच कमी करतो. त्यांच्याकडे म्हातारी माणसं असतात, कुणाला डायलिसिसला न्यायचं असतं, कुणाला गाडी काढून ड्युटीवर जायचं असतं. आपली पाच मिनिटं, मग पुढच्याची पाच, असं करत त्यांचा तास जातो, आणि हे वर्षभर. फाटकापुढे गाडी लावूच नका. अगदी नाइलाज झाला तर बेल वाजवून विचारा, काचेमागे फोन नंबर ठेवा आणि गाडीपासून लांब जाऊ नका. त्यांच्या ओट्यावर बसायचं असेल तरी "काकू, दोन मिनिटं बसू का?" एवढं विचारावंच. मुलांची कुल्फीची काडी, चिप्सचं पाकीट त्यांच्या दारात पडता कामा नये. २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर मिळवणाऱ्या शहरात गाडीत एक छोटा डबा ठेवणं काही अवघड नाही.

हॉर्न आणि चालू इंजिन

शाळेभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र धरला जातो. तिथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० डेसिबल आहे, आणि मोटार वाहन कायद्यात हॉर्नबद्दल पहिल्या वेळी १००० रुपये व पुन्हा केल्यास २००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, घंटेच्या आधीचा तास सुरू असतो आणि वर्गात कुणाची तरी परीक्षा असते. उन्हाळ्यात अर्धा तास आधी येऊन एसी लावून बसणाऱ्यांनी एक बघावं: धूर सोडणारी नळी खाली असते, म्हणजे मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या तोंडाच्या जास्त जवळ. सिग्नलला इंजिन बंद करायची मोहीम इंदूरने चालवली. तीच सवय इथे लावा. शक्य असेल तर घंटेच्या वेळीच या, आणि मूल भेटलं की गप्पा मारत रेंगाळू नका.

शिक्षिकेला आणि गार्डला अडवून धरणं

याबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण ही चूक करणाऱ्याला आपण चुकतोय असं वाटतच नाही.

बालवाडी किंवा पहिलीची वर्गशिक्षिका गेटवर उभी असते. एका हातात यादी, दुसऱ्या हाताचं बोट एका मुलीने धरलेलं, आणि डोळे समोरच्या चेहऱ्यांवर. कोणतं मूल कुणाबरोबर गेलं हे ती मनात जुळवत असते. तेवढ्यात एक पालक पुढे होऊन विचारतात, "मॅडम, हिंदीत दोन मार्क का कापले?" तिने त्यांच्याकडे वळून उत्तर दिलं की यादीवरचं लक्ष गेलं. धोका सगळ्या वर्गाला, आणि शिवाय आपल्या मुलाचे मार्क त्याच्या मित्रांसमोर, त्यांच्या आयांसमोर चर्चेला आले. मूल घरी बोलणार नाही, पण त्याला ते लागतं. प्रश्न डायरीत लिहा, भेटीची वेळ मागा. गेटवर फक्त नमस्कार आणि मुलाचं नाव.

गार्डचंही तसंच. "भैया, कार्ड दिखाइए," म्हटल्यावर "रोज तर बघता मला" असं चिडून बोलणारे बरेच असतात. तो रोज सगळ्यांना बघतो, पण उद्या आपल्या मुलाला न्यायला कुणी अनोळखी माणूस आला तर हाच प्रश्न त्याला अडवणार आहे. कार्ड आधीच हातात ठेवा. त्याच्याशी बोलताना अरे-तुरे नको, विशेषतः मुलासमोर. आणि गेटजवळची सावली आजी-आजोबांना आणि कडेवर तान्हं असलेल्यांना सोडा.

दुसऱ्याचं मूल परस्पर घेऊन निघणं

हेतू चांगला असतो: "शेजारच्या चिंटूला आणते, त्याच्या आईची धावपळ वाचेल." पण त्याच्या आईला फोन केला नाही आणि शिक्षिकेला सांगितलं नाही, तर ती गेटवर येऊन ज्या अवस्थेत उभी राहते ती आईच समजू शकेल. आधी आईचा होकार, मग शाळेला सांगणं, मगच मूल. स्कूटरवर दोन-तीन मुलं बसवून उपकार करू नका. दुचाकीवर चालवणाऱ्यामागे एकच माणूस बसू शकतो आणि चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट सक्तीचं आहे. दुसऱ्याच्या मुलाने ढकललं, वस्तू घेतली, तर गेटवर त्याला रागावू नका. त्याच्या आई-बाबांशी सावकाश बोला.

उशीर होणार असेल तर शाळेच्या ऑफिसात लगेच फोन करा. मूल थांबतं तेव्हा आयाबाईही थांबते, आणि तिचंही मूल घरी वाट बघत असतं. न्यायला येऊ शकतील अशा आणखी दोघांची नावं शाळेत आधीच देऊन ठेवा.

ग्रुपवर फोटो टाकणं

आडवी लावलेली गाडी, तिचा नंबर, खाली रागाच्या चार ओळी. यातून भांडण वाढतं, गाडी तिथेच राहते. त्या पालकांना भेटून सांगा, बहुतेक लोक ऐकतात. रोजचाच त्रास असेल तर चार-पाच पालक मिळून मुख्याध्यापकांकडे जा आणि तक्रारीबरोबर सूचनाही न्या: लहान वर्ग दहा मिनिटं आधी सोडावेत, व्हॅन आणि ई-रिक्षांना वेगळी जागा ठरवावी, गल्लीत गाड्या एकाच बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडाव्यात, गेटसमोर दोरी बांधून मुलांसाठी मोकळी वाट राखावी. दोरी धरायला पालकांनी पाळीपाळीने उभं राहायची तयारी तिथेच सांगा, म्हणजे शाळेला नाही म्हणणं कठीण जाईल.