लहान लेथची बिघडलेली मोटर घरच्या घरी कशी बदलावी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे ४५ फूट म्हणजे धोका पातळी. गावभागातल्या आमच्या तळमजल्यावर माझा लाकूडकामाचा छोटा लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र, होता आणि तो वर न्यायला त्या रात्री घरात माणसं नव्हती. पाणी ओसरल्यावर लेथचा बेड, म्हणजे खालचा लोखंडी पाया, घासून, तेल लावून वाचवता आला. मोटर उन्हात वाळवली, ती सहा महिने चाललीही. मग एके संध्याकाळी शिसवीचा भोवरा निम्मा उतरवून झाला होता, तेव्हा तिने 'घूंऽऽ' असा आवाज केला आणि जागच्या जागी बसली.

ती बदलताना मी ज्या चुका केल्या, त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. सिंगल फेजवर चालणारी, कंडेन्सर लावलेली, बेल्टने लेथ फिरवणारी अर्धा एचपीची मोटर डोळ्यांसमोर धरली आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या लेथवर अशीच असते.

मोटरच गेलीय का, हे आधी बघा

नुसतं बटन बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि तो तुमच्या नजरेसमोर राहील असा ठेवा. बेल्ट उतरवा. मोटरचा शाफ्ट हाताने फिरवून पाहा. खरखर लागली किंवा अडकला तर बेअरिंग गेलंय. बेअरिंगच्या कडेवर ६२०२, ६२०३ असा नंबर कोरलेला असतो. त्या नंबरचं आणून बसवा. एवढ्यासाठी मोटर टाकून द्यायचं कारण नाही.

शाफ्ट मोकळा फिरतोय, पण बटन दाबल्यावर मोटर नुसती गुणगुणते, असं असेल तर एक साधी चाचणी आहे. प्लग लावा आणि घरातल्या कुणाला तरी बटनापाशी उभं करा. बेल्ट काढलेलाच हवा. शाफ्टला हाताने जोरात फिरकी द्या, हात पूर्ण बाजूला घ्या आणि मगच बटन दाबायला सांगा. फिरकी दिली त्या दिशेने मोटर पळायला लागली, तर मेन वाइंडिंग, म्हणजे मोटर फिरती ठेवणारं तारांचं मुख्य वेटोळं, शाबूत आहे. दोष बहुधा कंडेन्सरमध्ये किंवा आतल्या सेंट्रिफ्युगल स्विचमध्ये (मोटरने वेग घेतला की स्टार्ट वाइंडिंग, म्हणजे सुरुवातीला जोर देणारं वेटोळं, तोडणारा स्विच) असतो. नाहीच पळाली तर दोन-तीन सेकंदांच्या वर बटन चालू ठेवू नका; गुणगुणणाऱ्या मोटरचं वाइंडिंग बघता बघता तापतं.

कंडेन्सरला हात लावण्याआधी तो रिकामा करा. होल्डरमधल्या साध्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना टेकवल्या की झालं. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची सवय वाईट. त्यात कंडेन्सरही जातो आणि कधी डोळाही. नवा कंडेन्सर घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त.

सेंट्रिफ्युगल स्विचची ओळख कानाने होते. चांगली मोटर बंद केली की वेग उतरताना आतून 'टक्' असा स्पष्ट आवाज येतो. तो म्हणजे स्विचची वजनं परत जागेवर बसल्याचा आवाज. माझ्या मोटरमधून तो यायचा थांबला होता आणि माझं लक्षच नव्हतं. मागचं झाकण उघडलं तर कॉन्टॅक्टवर पुराचा गाळ वाळून सिमेंटसारखा बसलेला. वजनं हलत नव्हती, स्टार्ट वाइंडिंग चालूच राहिलं आणि जळलं.

जळलेल्या वाइंडिंगचा वास एकदा घेतला की विसरत नाही. तरी खात्री करायची तर मोटरवाल्याकडे ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून घ्या. बॉडी आणि वाइंडिंग यांच्यात एक मेगओहमपेक्षा कमी दाखवलं, तर ती मोटर लेथवर चढवायची नाही.

रिवाइंड करायची की नवी घ्यायची? एरवी चांगल्या तांब्याच्या मोटरला रिवाइंडिंग करून घ्यावं असंच मी सांगेन. पण पुराच्या पाण्यात बुडालेल्या मोटरचं वाइंडिंग, बेअरिंग आणि स्विच असं सगळंच करावं लागतं. तिथे नवी घेतलेली बरी.

दुकानात जाण्याआधी मापं

माझी चूक इथे झाली. "अर्धा एचपी, सिंगल फेज" एवढंच सांगून मोटर आणली. दुकानदार म्हणाला, "बसतीय की ओ, काय होत न्हाई." घरी आणल्यावर शाफ्ट १९ मिलिमीटरचा निघाला आणि माझ्या जुन्या पुलीचं भोक पाच अष्टमांश इंची, म्हणजे सोळाला जरासं कमी. पुली बोअर करायची तर लेथ लागतो, आणि लेथ तर माझाच बंद पडलेला! शेवटी कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून पुली बोअर करून, चावीचा गाळा (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून चावी बसवायची खाच) पाडून आणली. त्यात चार दिवस गेले.

म्हणून जुन्या मोटरच्या पाटीचा फोटो काढा आणि शिवाय पट्टीने मोजा. सगळ्यात आधी आरपीएम बघा. आपल्या ५० सायकलच्या विजेवर चार पोलची मोटर साधारण १४४० ने फिरते, दोन पोलची २८८० च्या आसपास. दोन्ही अर्धा एचपीच्या मिळतात, बाहेरून सारख्या दिसतात. चुकून २८८० ची बसवली तर लेथचा प्रत्येक वेग दुप्पट होतो, आणि वेग दुप्पट झाला की लाकूड बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. सहाशेवर निवांत फिरणारं मोठं वाडगं बाराशेवर फुटून अंगावर येऊ शकतं. हा आकडा दुकानदाराच्या तोंडून ऐकू नका, पाटीवर स्वतः वाचा.

मग फ्रेम, म्हणजे मोटरच्या बॉडीचं ठरलेलं माप. ७१ फ्रेम म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत ७१ मिलिमीटर उंची, शाफ्ट १४ चा, पायाची भोकं ११२ बाय ९० वर. ८० फ्रेमला शाफ्ट १९ चा आणि भोकं १२५ बाय १०० वर. तुमची जुनी मोटर यातल्या कशातच बसत नसेल, तर पुली आणि खालची प्लेट दोन्हीची तयारी आधी करा, मोटर नंतर आणा. लाकडाचा भुसा उडतो म्हणून बंद बॉडीची, मागे पंखा असलेलीच घ्या.

काढणं आणि बसवणं

वायरी सोडण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक टोकाला चिकटपट्टीची खूण बांधा. पुलीचा ग्रब स्क्रू ॲलन कीने सोडवला तरी पुली हलत नसेल, तर त्याच भोकात बॅटरी मारून बघा. पुष्कळदा एकाखाली एक असे दोन स्क्रू असतात. गंजलेली असेल तर रात्रभर गंजतेल सोडून ठेवा आणि पुलरने ओढा. हातोडा मारू नका. पुलीवरचा प्रत्येक घाव थेट बेअरिंगवर जातो, आणि नव्या मोटरवर पुली चढवतानाही हेच लक्षात ठेवा. शेवटचा बोल्ट सोडण्याआधी मोटरखाली लाकडी ठोकळा सरकवा.

नवी मोटर बोल्ट सैल ठेवूनच जागेवर घ्या. आता दोन्ही पुल्यांच्या तोंडांवरून एक दोरा ताणून धरा. दोरा चारही ठिकाणी टेकला पाहिजे. कुठे फट दिसली तर मोटर सरकवा. एखादा पाय अधांतरी असेल तर त्याखाली पातळ पत्र्याची पॅकिंग द्या, नाहीतर बोल्ट आवळताना बॉडीच पिळली जाते. या कामाला अर्धा तास द्या. वाकडी पुली महिनाभरात बेल्ट खाते. बेल्टचा ताण अंगठ्याने पाहायचा. दोन पुल्यांमध्ये फूटभर अंतर असेल तर मधोमध दाबल्यावर पाचेक मिलिमीटर दबावा.

दिशा

बेल्ट न चढवता मोटर एकदा चालू करून बघा. टेलस्टॉककडून (लाकडाला उजवीकडून टेकू देणारा भाग) हेडस्टॉककडे (लाकूड फिरवणारा डावीकडचा भाग) पाहिलं की स्पिंडल, म्हणजे हेडस्टॉकमधला फिरणारा दांडा, घड्याळाच्या उलट फिरेल अशी मोटरची दिशा हवी, म्हणजे लाकडाचा वरचा भाग तुमच्याकडे येतो. उलट फिरलं तर आट्यांवर बसवलेला चक (लाकूड पकडणारा जबडा) सुटत जातो आणि फिरता फिरता निघून पडतो.

दिशा उलटी आली की लोक प्लगमधली फेज-न्यूट्रल बदलून बघतात. त्याने काही होत नाही. प्लग काढून, कंडेन्सर पुन्हा रिकामा करून, टर्मिनल बॉक्समध्ये फक्त स्टार्ट वाइंडिंगची दोन टोकं आपापसांत बदला. मेन वाइंडिंगला हात लावू नका. झाकणाच्या आतल्या बाजूला बहुतेक वेळा याचं चित्र असतं.

अर्थिंगची हिरवी वायर मोटरच्या बॉडीला आणि लेथच्या बेडलाही जोडा. प्लगच्या मोठ्या पिनपासून बेडपर्यंत मल्टीमीटर वाजला पाहिजे. साध्या बटनाऐवजी नो-व्होल्ट कॉइल असलेला पुश बटन स्टार्टर बसवा. लाइट गेली, आपण हत्यार ठेवून चकची चावी लावायला वाकलो आणि लाइट परत आली, हे इकडे रोजचं आहे. हा स्टार्टर असला की लाइट आल्यावर लेथ आपोआप सुरू होत नाही. त्याचा ओव्हरलोड, म्हणजे जास्त करंटला मोटर बंद करणारी सोय, मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावा.

चक न लावता सगळ्यात कमी वेगावर दहा मिनिटं चालवा. क्लॅम्प मीटर लावलात तर रिकाम्या मोटरचा करंटही बराच दिसेल. सिंगल फेज मोटरचं ते तसंच असतं, घाबरू नका. व्होल्टेज मात्र बघा. २३० चं १८० झालं तर मोटरचा जोर साठ टक्क्यांवर येतो. अशा वेळी खोल कट घेऊ नका, नवी मोटरही जळेल.

माझा लेथ आता माडीवर आहे. आणखी कुठे हलवायचा तर मधल्या जिन्यातून तो एकट्याने उचलत नाही, म्हणून मोटरची प्लेट दोन पंखवाल्या नटांवर बसवली आहे आणि वायरीला मध्ये प्लग-सॉकेट जोडलंय. पुराच्या दिवसांत पाणी ३५ फुटांवर गेल्याची बातमी आली की मोटर सोडवायला मला पाच मिनिटं लागतात, आणि ती धान्याच्या कोठीवर जाऊन बसते.