कोरियात इंग्रजी शिकवायला जाताय? आधी हांगुल वाचायला शिका

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी दक्षिण कोरियात पोचले. खोली शाळेनेच दिली होती, एका माणसापुरती. तिथे तिला 'वनरूम' म्हणतात. बाहेर कडाक्याची थंडी आणि पायाखाली फरशी गारठलेली. भिंतीवर बॉयलरचा छोटासा डबा, त्यावर चार-पाच बटणं, सगळी कोरियनमध्ये. एका बटणाचा दिवा लागलेला दिसला म्हणून मला वाटलं, हीटर चालू आहे. दोन स्वेटर घालून रात्र काढली. सकाळी सोबतच्या शिक्षिकेला फोटो पाठवला तेव्हा कळलं, ते बटण होतं 'वेछुल', म्हणजे घरातली माणसं बाहेर गेली आहेत. पाइप गोठू नयेत एवढीच ऊब त्यावर मिळते. शेजारचं 'ओन्दोल' दाबलं आणि हळूहळू अख्खी फरशी उन्हात तापलेल्या अंगणासारखी झाली.

म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते: बाकीची तयारी अर्धवट राहिली तरी चालेल, हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, वाचता आलीच पाहिजे. आपल्याला ते जड नाही. व्यंजनाला स्वर जोडून अक्षर करायची सवय बाराखडीने आपल्या हाताला लावलेलीच आहे. ही लिपी राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये लोकांसाठी जाहीर केली, तीही सामान्यांना लवकर वाचता यावं म्हणूनच. रोज तासभर दिला तर आठवड्यात पाट्या वाचता येतात. पुढे वाक्यरचनाही ओळखीची निघते. 'हाक्ग्योए गायो' म्हणजे 'शाळेत जाते': आधी शाळा, तिला चिकटलेला 'त', शेवटी क्रियापद.

आता जाता कसं येतं ते. नोकरीच्या जाहिरातींत बहुतेक वेळा सात देशांची नावं असतात: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. ती यादी वाचून आपल्याकडची मुलं तिथेच थांबतात. पण भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्यानुसार पदवी आणि इंग्रजी विषयाची शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयांना इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून ई-२ व्हिसा, म्हणजे परदेशी भाषा शिकवण्यासाठीचा व्हिसा, मिळू शकतो. जागा मोजक्या असतात, म्हणून भारतीय पासपोर्ट चालेल का हे अर्जाआधीच लेखी विचारून घ्या. पदवी आणि पोलीस क्लिअरन्स या दोन्हींवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, लागतं. त्यासाठी हातात भरपूर वेळ ठेवा.

पोचल्यावर ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिकाचं नोंदणी कार्ड काढावं लागतं. ते येईपर्यंत बँक आणि फोन दोन्ही अडतात, आणि पगार तर महिना भरल्यावरच. पहिल्या महिन्याचे पैसे सोबत न्याच.

इथे आपल्या नावाचा एक घोळ होतो, तो नीट समजून घ्या. माझ्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचंही नाव आहे. कार्डावर ते सगळं आलं. बँकेच्या अर्जातले चौकोन मधेच संपले, तिथे वडिलांचं नाव अर्धं कापलं गेलं. फोनच्या दुकानात आडनाव शेवटी घातलं. कोरियात ऑनलाइन काहीही करायचं, तर तुमची ओळख फोन नंबरवरून पटवतात, आणि त्यासाठी तिन्हीकडचं नाव अक्षरन् अक्षर, मोकळ्या जागेसकट, जुळावं लागतं. माझं जुळेना. दोन शनिवार-रविवार मी साधं ट्रेनचं तिकीटही फोनवर काढू शकले नाही. म्हणून काउंटरवरच स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या, कार्ड शेजारी धरा, एकेक अक्षर ताडून पाहा आणि मगच सही करा. अडलात तर १३४५ वर फोन करा. ही इमिग्रेशनची हेल्पलाइन आहे, इंग्रजीत बोलतात.

शाकाहारी असाल तर जेवणाचं आधीच ठरवून या. 'गोगी' म्हणजे मांस, पण 'गोगी नको' म्हटलं तरी हॅम आणि मासे ताटात येऊ शकतात. किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या भाजीत, बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो, सूपचं पाणी सुक्या मासळीत उकळलेलं असतं. शाळेच्या जेवणाचा महिन्याचा तक्ता मिळतो, त्यात प्रत्येक पदार्थापुढे बारीक आकडे छापलेले असतात. ते अ‍ॅलर्जीसाठी आहेत, पण आपल्याला फार उपयोगी पडतात: १ म्हणजे अंडं, ९ कोळंबी, १० डुकराचं मांस, १५ कोंबडी, १६ गोमांस, १७ माकुळ, १८ शिंपले. मी महिन्याच्या सुरुवातीलाच तक्त्यावर खुणा करते आणि ज्या दिवशी काहीच उरत नाही त्या दिवशी डबा नेते. भात मात्र रोज असतो, आपल्या इंद्रायणीसारखा मऊ आणि चिकट. हातात स्टीलचा ट्रे घेऊन मी मुख्याध्यापकांसमोरून जाते, तेव्हा ते 'जेवलात का?' असंच विचारतात. गावाकडे दारावरून जाणाऱ्याला आपण विचारतो तसं, अगदी त्याच अर्थाने.

शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. दारात बूट काढून आतल्या चपला घालायच्या. वस्तू देताना-घेताना दोन्ही हात. इंग्रजी तिसरीपासून, तास ४० मिनिटांचा, आणि आठवड्याला साधारण २२ तास. सोबतची कोरियन शिक्षिका हीच तुमची खरी सोबतीण. वेळापत्रक ऐन वेळी बदललं तर तिच्यावर चिडू नका. तिलाही ते बहुधा पाच मिनिटांपूर्वीच कळलेलं असतं. सुट्टीत वर्ग नसले तरी शाळेत येऊन बसावं लागतं. ते दिवस मी पुढच्या सत्राचे धडे तयार करण्यात आणि कोरियन शिकण्यात घालवले.

कोरियनमध्ये 'व्ही', 'एफ' आणि 'झेड'चे उच्चार नाहीत, त्यामुळे पिझ्झाचा 'पिजा' होतो. माझं नाव वृषाली, ते पहिल्या दिवसापासून 'ब्रुशाली सन्सेंगनिम', म्हणजे 'ब्रुशाली बाई', झालं. तिसरीच्या वर्गात मी फळ्यावर माझं नाव हांगुलमध्ये लिहिलं, शेजारी इंग्रजीत, आणि वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दाखवले. चोवीस मुलांनी ओठ चावून 'व्व्व' केलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावरही थांबली, माझ्यासमोर उभी राहून तिने तीनदा नाव घेतलं, आणि तिसऱ्यांदा ते बरोबर आलं.