हरवलेला बैल कुठे, कधी सापडेल?
प्रश्नज्योतिषात प्रश्न विचारल्या क्षणाची कुंडली मांडून उत्तर शोधतात, म्हणून तो क्षण आणि गाव लगेच टिपा. यवतमाळकडे स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे १७ मिनिटे मागे असते. हाताने गणित करताना हे विसरलात तर लग्न (त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा अंश) चारेक अंशांनी चुकतं, कधी राशीच बदलते.

जनावरासाठी चतुर्थेश (लग्नापासून चौथ्या स्थानातल्या राशीचा स्वामी ग्रह) पाहा. तो मेष, सिंह, धनूत असेल तर पूर्व. वृषभ, कन्या, मकरेत दक्षिण. मिथुन, तूळ, कुंभेत पश्चिम. उरलेल्या जलराशींत उत्तर, आणि तेव्हा नाल्याकाठची वावरं आधी धुंडाळा.

काळासाठी लग्नेश (लग्नराशीचा स्वामी) आणि चतुर्थेश यांचा इत्थशाल, म्हणजे शीघ्र ग्रह मंद ग्रहाच्या अंशांकडे सरकत असताना होणारा योग, पूर्ण व्हायला उरलेले अंश मोजा. शीघ्र ग्रह चर राशीत (मेष, कर्क, तूळ, मकर) असेल तर तितके दिवस, द्विस्वभावात (मिथुन, कन्या, धनू, मीन) आठवडे, उरलेल्या स्थिर राशींत महिने. शीघ्र ग्रह मंद ग्रहाच्या पुढे निघून गेला असेल तर तो ईसराफ, म्हणजे होऊन गेलेला योग. नवखे इथेच फसतात. कोंडवाड्यात चौकशी मात्र त्याच दिवशी करा.