संग्रहालयातील मैफल: आधी दालन, मग सूर

संग्रहालयात एखादा सांस्कृतिक महोत्सव किंवा मैफल असली की बहुतेक लोक नेमके कार्यक्रमाच्या वेळेला पोहोचतात, टाळ्या संपल्या की गर्दीबरोबर बाहेर पडतात आणि ज्या संग्रहामुळे तो कार्यक्रम तिथे ठेवला गेला, तो न पाहताच घरी जातात. त्यामुळे पहिली सूचना हीच, की मैफलीच्या किमान तासभर आधी पोहोचावे आणि प्रदर्शन आधी पाहावे. कार्यक्रमानंतर दालने बहुधा बंद झालेली असतात, आणि उघडी असली तरी तोवर पाय व डोळे दोन्ही दमलेले असतात.

हा थकवा कल्पनेतला नाही. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्ये त्यावर लेख लिहिला होता. खालच्या कपाटातील वस्तू पाहण्यासाठी वाकणाऱ्या आणि उंचावरच्या वस्तूंसाठी मान ताणणाऱ्या प्रेक्षकाची छायाचित्रेच त्यांनी त्यासोबत दिली होती. तेव्हा सगळी दालने पालथी घालण्याचा हट्ट सोडावा आणि कार्यक्रमाशी नाते असलेले एकच दालन निवडून त्यातील तीन-चार वस्तूंपाशी रेंगाळावे. पियानोवादन ऐकायचे असेल आणि संग्रहात जुनी वाद्ये असतील, तर तिथूनच सुरुवात करावी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पियानोचे जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी 1720 मध्ये घडवलेला पियानो आहे, आणि आज अस्तित्वात असलेल्या पियानोंपैकी तो सर्वांत जुना होय. तसे वाद्य जवळून पाहिल्यावर आजच्या पियानोचा भरदार आवाज कानावर पडला, की मधल्या तीनशे वर्षांत केवढे काम झाले याचा अंदाज माहितीफलक न वाचताही येतो.

कमी पाहण्याने काही गमावते, असे मला वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीने आपली चित्रे सुरक्षित ठिकाणी हलवली, तेव्हा रिकाम्या झालेल्या त्या इमारतीत पियानोवादक मायरा हेस यांनी ऑक्टोबर 1939 पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या आणि त्या 1946 पर्यंत चालल्या. पुढे 1942 पासून दर महिन्याला एकच चित्र परत आणून तिथे मांडले जाऊ लागले, आणि एरवी शेकडो चित्रांसमोरून भरभर चालत जाणारे लोक त्या एका चित्रासाठी मुद्दाम येऊ लागले. एक चित्र आणि एक मैफल, हे माप आजही पुरेसे आहे.

वस्त्रे, जलरंगातील चित्रे किंवा हस्तलिखिते मांडलेल्या दालनात शिरताच अंधार जाणवतो आणि अनेक जण कुरकुरतात. कागद, कापड आणि त्यांवरचे रंग प्रकाशाने कायमचे फिके पडतात, म्हणून तिथला उजेड साधारण 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास, म्हणजे बराच मंद ठेवलेला असतो. अशा वेळी दारातून परत फिरू नये. एका काचेसमोर तीन-चार मिनिटे शांत उभे राहावे, मोबाइल खिशातच ठेवावा, कारण त्याच्या पडद्याकडे पाहिले की अंधाराला सरावत आलेले डोळे पुन्हा दिपतात. आधी नुसता काळपट दिसणारा काठ मग हळूहळू उलगडतो, जरीची तार कुठे तुटली आहे आणि कुठे नंतर रफू केले आहे, तेही दिसू लागते.

मैफलीची जागा निवडताना मात्र सभागृहाचे नियम विसरावेत. संग्रहालयांतील मैफली बहुधा उंच छताच्या, दगडी फरशीच्या मध्यवर्ती दालनात होतात आणि तिथे आवाज घुमतो. संथ आलापी किंवा समूहगायन अशा जागी खुलते, पण द्रुत लयीतले तालवादन मागे बसणाऱ्याला एकमेकांत मिसळलेल्या गोंगाटासारखे ऐकू येते. म्हणून शक्यतो पुढच्या रांगांत बसावे, कारण तिथे वाद्याचा मूळ नाद प्रतिध्वनीच्या आधी आणि अधिक ठळकपणे कानावर येतो. मी एकदा दृश्य चांगले दिसते म्हणून मागच्या सज्जात बसलो आणि निवेदनातला एकही शब्द मला कळला नाही. गर्दी झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नये, कारण माणसे आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात आणि भरलेले दालन रिकाम्यापेक्षा स्वच्छ ऐकू येते.

महोत्सवात एकाच वेळी अनेक कार्यक्रम असतात. अशा दिवशी रंगमंचापेक्षा प्रात्यक्षिकांना अधिक वेळ द्यावा, असे माझे मत आहे. गाणे इतरत्रही ऐकता येते, पण विणकर किंवा वाद्य बनवणारा कारागीर काम करत असताना त्याला प्रश्न विचारण्याची संधी क्वचितच मिळते. “हे किती दिवसांत होते?” असे विचारण्यापेक्षा “यात चुकते कुठे?” असे विचारावे, म्हणजे तो हात थांबवून नीट सांगू लागतो.

मोठी पिशवी, छत्री आणि शाईचे पेन सामानघरात ठेवून टिपणांसाठी पेन्सिल जवळ बाळगावी. फ्लॅश वापरू नये.

निघण्यापूर्वी प्रदर्शनाची शेवटची तारीख पाहून ठेवावी. वस्त्रे आणि कागदावरील चित्रे काही महिन्यांनी उतरवून पुन्हा अंधाऱ्या भांडारात ठेवली जातात, आणि ती परत बाहेर यायला अनेकदा वर्षे लागतात.